लॉज बघताय? आधी प्लग पॉइंट विचारा!

‘यंदा दिवाळीत वाघ बघायला जाऊ या’ असं घरात कोणीतरी म्हणतं आणि पुढच्या दहा मिनिटांत फॅमिली ग्रुपवर स्विमिंग पूलचे फोटो येऊन पडतात. आमच्याकडे हे पुण्यकर्म जिजूंनी केलं. ताडोब्याच्या मोहर्ली गेटजवळचं रिसॉर्ट, निळंशार पाणी, पांढरेशुभ्र टॉवेल. एका रात्रीचं भाडं बाबांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग म्हणाले, “वाघ टॉवेल आणून देतो काय?”

आता टीम बघा. ताई, जिजू, नऊ वर्षांची भाची, चार वर्षांचा भाचा, आई-बाबा, गुडघे धरून बसणारी आजी आणि मी. सगळे दिवाळीला मूर्तिजापूरला जमणार. त्यातून भाच्याला बाळदमा. थंडी पडली, धूळ उडाली की रात्री एक-दीडला नेब्युलायझर लावावं लागतं. जंगलातली पहाटेची सफारी म्हणजे थंडी आणि धूळ, दोन्हीचं कॉम्बो पॅक! त्यामुळे वाघ कुठे दिसेल यापेक्षा मध्यरात्री मशीन कुठे चालेल आणि नाहीच भागलं तर डॉक्टर किती लांब, हे आमच्यासाठी जास्त महत्त्वाचं होतं.

मूर्तिजापूर म्हटलं की पुण्यातले लोक ‘कुठे आलं हे?’ असा चेहरा करतात. बाप्पा, मुंबई-नागपूर लाइनवरचं जंक्शन आहे आमचं! इथून अचलपूरला ७६ किलोमीटरची नॅरोगेज ‘शकुंतला’ जायची, पार मेळघाटच्या पायथ्यापर्यंत. ती आता बंद आहे, पण जागा मोक्याची ती मोक्याचीच. वर मेळघाट. खाली कारंजा, तिथून समृद्धीवर चढलात की नागपूर, आणि पुढे पेंच नाही तर ताडोबा.

ताडोबा मी आधी बाद केला. वाघ दिसण्याचे चान्सेस तिथे खरंच चांगले आहेत, त्यात वाद नाही. पण चार वर्षांच्या मुलाला गाडीत इतके तास कोंबायचं, दुसऱ्या दिवशी पहाटे उठवून जिप्सीत बसवायचं आणि वर ‘बोलू नकोस’ म्हणायचं? हनिमूनवाल्यांनी किंवा मोठ्या लेन्सवाल्यांनी जावं. (मंगळवारी ताडोबा बंद असतो, हे मात्र सुट्टी टाकण्याआधी बघा. बॉसला परत तारीख बदलून मागणं किती अवघड, ते मी सांगायला नको.)

राहिला मेळघाट. देशात सगळ्यात आधी व्याघ्र प्रकल्प झाले, त्या नऊ जंगलांपैकी हे एक. डोंगराळ, दाट सागाचं, दऱ्याखोऱ्यांचं. इथला वाघ सेलिब्रिटी नाही, तो रस्त्यावर पोझ देत नाही. हे पोरांना निघण्याआधीच सांगायचं. ‘नक्की दिसेल हं’ असं सांगून नेलेलं मूल परतीच्या गाडीत जो भोंगा पसरतं, त्याला कुठलंही लॉज जबाबदार नसतं! रानगवा, अस्वल, सांबर, रानकुत्रे यांची नावं आधी सांगून ठेवा. आणि रानपिंगळा. हे छोटंसं घुबड शंभराहून जास्त वर्षं नामशेष समजलं जात होतं. १९९७ मध्ये ते नंदुरबारकडच्या शहाद्याजवळ परत सापडलं आणि पुढे मेळघाटातही दिसलं. भाचीला ही गोष्ट वाघापेक्षा भारी वाटली.

मेळघाटात राहायचं कुठे? सेमाडोह आणि कोलकास ही वनखात्याची जुनी, लाडकी ठिकाणं. कोलकासला खाली सिपना नदी वाहते, संध्याकाळी व्हरांड्यात बसलं की ऑफिसचे मेल वगैरे गेल्या जन्मीचे वाटतात. पण परतवाड्याहून तिकडे जायचा घाट म्हणजे वळणावर वळण. ज्या मुलांना गाडी लागते, त्यांच्या आयांना मी काय म्हणतेय ते कळलं असेल. शिवाय रात्री काही झालं, तर तोच घाट अंधारात उतरायचा. चिखलदऱ्यात हॉटेलं भरपूर, भीमकुंड आहे, गाविलगड आहे, गरम कॉफी आहे. पण ते हिल स्टेशन. पोरं घोड्यावर बसतात, मका खातात आणि जंगल राहून जातं.

मग मी फोन घेऊन बसले. एका खासगी रिसॉर्टवाल्याला विचारलं, “लाइट गेली तर?”

“इन्व्हर्टर आहे ना मॅडम, नो टेन्शन!”

“रूममधला प्लग चालतो त्यावर?”

जरा वेळ शांतता. “पंखा न् बल्ब चालते. प्लग नाही चालत.”

बघा! हे कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं. तुम्हीही फोन कराल तेव्हा पूल आणि बार्बेक्यू नंतर विचारा. रात्री गरम पाणी मिळेल का, वरणभात साडेसातला मिळेल का (मुलं दहाच्या बुफेपर्यंत जागी राहत नाहीत), खोली आणि जेवणाची जागा यात अंधारातून चालत जावं लागतं का, फोनला रेंज येते का, आणि किती वर्षांच्या मुलाला सफारीत घेतात, हे विचारा. मेळघाटातल्या हरिसालला २०१६ मध्ये डिजिटल गाव केलं, म्हणून अख्ख्या जंगलात चार काड्या येतील असं समजू नका.

दवाखान्याचं विचारताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं, हे खरं. आम्ही दोन रात्रींपुरती चौकशी करत होतो. मेळघाटातल्या कोरकू आयांसाठी दवाखाना किती लांब, हा प्रश्न बारा महिने असतो. इथली बालमृत्यूंची बातमी मी शाळेत असल्यापासून वाचतेय. बैरागडला वर्षानुवर्षं रुग्णसेवा करणाऱ्या रवींद्र आणि स्मिता कोल्हे या डॉक्टर जोडप्याला २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे शहरातल्या पुष्कळांना बैरागड हे नाव कळलं. म्हणून आमच्या घरात एक ठरलंय. गाइड स्थानिकच घ्यायचा आणि त्याच्याशी घासाघीस करायची नाही.

शेवटी ठरलं शहानूर. अकोटमार्गे जायचं, नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याशी वनखात्याच्या साध्या खोल्या, मुक्कामापर्यंत मोठा घाट नाही, आणि गरज पडली तर अकोट जवळ. वर किल्ल्यावर महाकाली दरवाजा आहे, त्यावरचं कोरीव काम बघत बाबा तासभर उभे राहतील. पहाटेच्या सफारीला जिजू, भाची आणि मी. भाचा उन्ह चढेपर्यंत आजीजवळ झोपेल. पूल नाही म्हणून जिजू दोन दिवस गप्प होते. मग त्यांनीच एक्स्टेन्शन बोर्ड आणि मशीनचा जास्तीचा मास्क आणून बॅगेत टाकला.

भाचीने वही केलीय, दिसेल त्या प्राण्यापुढे टिक करायची. वाघ मुद्दाम शेवटच्या पानावर. आजीने मात्र पहिल्या नंबरवर रानडुक्कर लिहायला लावलं.

“थे कायले आजी?”

“लिह्य तू. थे तं आपल्या वावरातई दिसते. वही कोरी नाही राहाची!”