उसातले घर आणि आमचे घर

सत्र परीक्षा संपली त्या रात्री वसतिगृहातल्या आम्ही सात जणींनी घाबरायचे ठरवले. एकीच्या लॅपटॉपवर ‘लपाछपी’ लावला, दिवा घालवला, दाराला कडी घातली. विशाल फुरिया यांचा हा मराठी भयपट जुलै २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. पुढे २०२१ मध्ये त्यांनीच तो ‘छोरी’ या नावाने हिंदीत काढला, म्हणजे तो बऱ्याच जणांना आवडला असणार. मी मात्र निराश झाले. का झाले, ते इथे मांडते.

कर्जबाजारी नवऱ्याबरोबर दिवस भरत आलेली एक तरुणी शहर सोडते आणि उसाच्या रानातल्या ड्रायव्हरच्या घरी आसरा घेते. मुली नकोशा असण्याचा भयंकर इतिहास त्या घराला आहे. पूजा सावंत व उषा नाईक यांनी कामे चोख केली आहेत. सुरुवातीचा ऊस तर इतका खरा, की अंगाला पाचट कापल्यासारखे झाले. भर दुपारी उसात शिरले की चार सऱ्यांपलीकडचे आपले माणूस दिसत नाही, हे आम्हा शेतकऱ्यांच्या मुलींना कुणी शिकवावे लागत नाही. तेवढी भीती पुरे होती! पण लवकरच पार्श्वसंगीत दणदणू लागले, सावल्या पळू लागल्या, आणि आता काय येणार ते आधीच कळू लागले. आमच्यातल्या दोघी चक्क झोपल्या.

माझी खरी तक्रार संगीताची नाही, घराची आहे. ते घर गावापासून तुटलेले आहे. शेजार नाही, रस्ता नाही, दवाखाना नाही. त्यामुळे चित्रपट संपला की आपणही त्या घरातून सुटलो असे वाटते. मार्च २०१७ मध्ये, म्हणजे हा चित्रपट पडद्यावर येण्याच्या चारच महिने आधी, आमच्याच सांगली जिल्ह्यात, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला, ओढ्यालगत पुरलेले १९ भ्रूण सापडले. गर्भपात करताना एक विवाहिता दगावली, म्हणून चौकशी झाली. नाहीतर कुणाला कळते? तिथे पडके घर नव्हते. भर गावात दवाखाना होता. चित्रपट त्याआधीच तयार झाला होता, तेव्हा दिग्दर्शकांना याचा जाब विचारणे बरोबर नाही, हे मान्य. तरी पण भूत कुठे राहते, हा प्रश्न उरतोच.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठी. माझ्या थोरल्या आत्याचे नाव नकुसा. चौथी मुलगी झाली म्हणून आजोबांनी ठेवले. आजोबा काही दुष्ट नव्हते. बैलावरसुद्धा त्यांनी कधी चाबूक उगारला नाही, असे सारे गाव सांगते. मला भीती वाटते ती याचीच. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने अशा २८५ मुलींना नवी नावे दिली. आत्याला तेव्हा नातू झाला होता. तिला कोण विचारणार? रेशनकार्डावर आजही नकुसाच आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. प्रवेशाच्या वेळी पैसे कमी पडले, तेव्हा आत्यानेच कमरेचा बटवा सोडला.

दिवाळीच्या सुट्टीत तिला मोबाईलवर हा चित्रपट दाखवला. “घर चांगलं हाय की गं,” ती म्हणाली. भुताला ती भ्यालीच नाही. मग मी तिला त्या घरात मुलींचे काय केले ते सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही.

“त्या पोरींस्नी नावं ठिवली हुती का?” तिने विचारले.

मला सांगता येईना. तिने मोबाईल माझ्या हातात दिला आणि ती शेळ्यांना पाला घालायला गेली.

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला