घर बदलताय? मग आधी मांजराचं बोला

भाड्याचं घर दाखवताना एजंटचे प्रश्न ठरलेले असतात. फॅमिली की बॅचलर? व्हेज की नॉनव्हेज? डिपॉझिट किती देणार? घरात मांजर आहे का, हे मात्र तो विचारत नाही. आपणही सांगत नाही. गडबड इथूनच सुरू होते.

पुण्यात पाच वर्षांत हे माझं चौथं घर. 11 महिन्यांचा करार संपत आलाय, हॉलमध्ये खोके रचलेत आणि आमचा बोका बंड्या प्रत्येक खोक्यात एकेकदा बसून बघतोय. यंदाच्या एजंटने सल्ला दिला, "सर, सांगूच नका. मांजर काय, दिसत पण नाही." हा सल्ला मी एकदा ऐकला होता. मालक आले की बंड्या आतल्या खोलीत बंद. सातव्या महिन्यात तो खिडकीत बसलेला त्यांना खालून दिसला आणि पंधरा दिवसांत घर सोडा, असा निरोप आला. घाईत मिळेल ते घर घ्यावं लागलं. सगळी चूक मालकांची, असं तेव्हा वाटलं होतं. आता निम्मीच वाटते.

त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं एक बिऱ्हाड महिनाअखेरीस हललं. टेम्पोत फ्रिज गेला, कुंड्याही गेल्या. मनी राहिली. चार दिवस ती बंद दारासमोरच्या पायपुसण्यावर बसून होती. लिफ्ट उघडली की उठायची, माणूस ओळखीचा नाही हे कळलं की पुन्हा बसायची. पाचव्या दिवशी मी तिला वर घेऊन आलो. "मांजर काय, कुठेही जगतं" हे वाक्य त्यानंतर मला ऐकवत नाही.

कायदा काय सांगतो?

पाळलेला प्राणी उपाशीतापाशी राहील अशा अवस्थेत विनाकारण सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? 10 ते 50 रुपये. होय, आजही. चहा-वडापावच्या पैशांत सुटका.

सोसायटीचं वेगळं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना मुख्यतः कुत्र्यांबद्दल आहेत. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, अगदी बहुमतानेही नाही, असं त्यात म्हटलंय. पण भाडेकरूचा खरा प्रश्न सोसायटीशी नसतो, फ्लॅटमालकाशी असतो. आणि मांजर असलेल्याला घर द्यायचं की नाही, हे तो ठरवू शकतो. म्हणून माझं मत सरळ आहे: टोकन देण्याआधी सांगा. नकार येतील. मला यंदा सहा आले. सातव्या मालकीणबाई म्हणाल्या, "सोफा फाडला तर डिपॉझिटमधून कापीन." मी म्हटलं, तसंच लिहू. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो, मग त्यात दोन मांजरांची एक ओळ वाढवायला काय हरकत आहे?

मांजराचं घर म्हणजे वास

कुत्रा माणसाला धरून असतो आणि मांजर घराला, असं आपल्याकडे म्हणतात. त्यात तथ्य आहे. मांजराच्या गालांजवळ गंधग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कडेला, आपल्या पायाला ते गाल घासतं ते लाडापुरतं नाही. आपल्या वासाच्या खुणा करून ठेवतं. नव्या घरात या खुणा एका झटक्यात शून्य होतात. (इंजिनीअरिंगवाल्यांच्या भाषेत, फोन फॅक्टरी रिसेट.)

म्हणून शिफ्टिंगआधी त्यांची चादर धुऊ नका, आईने कितीही सांगितलं तरी. न्यायची बास्केट आठवडाभर आधी उघडी टाकून ठेवा, आत तीच चादर घाला. आमची बास्केट माळ्यावरून फक्त डॉक्टरकडे जाताना निघायची, त्यामुळे ती दिसली की बंड्या पलंगाखाली. यंदा ती पंधरा दिवस हॉलमध्ये पडून आहे आणि मनी आता दुपारची त्यातच झोपते.

सगळ्यात धोक्याची वेळ सामान उचलतानाची. माणसं ये-जा करतात, दार सताड उघडं, त्यात गोंधळ. त्या आधीच दोघांना बाथरूममध्ये बंद करायचं, वाळूचा ट्रे आणि पाणी आत ठेवायचं आणि शेवटी सोबत न्यायचं. टेम्पोत सामानाबरोबर नाही. नव्या घरात पहिले काही दिवस एकच खोली द्यायची, मग हळूहळू बाकीचं घर. बाल्कनीला जाळी मात्र पोहोचण्याआधी लागलेली हवी. कबुतरांसाठीची पातळ नायलॉनची जाळी मांजर दातांनी कुरतडू शकतं, ती घेताना बघून घ्या.

पलंगाखाली दडून बसलं तर ओढून काढू नका. पण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर थांबू नका, डॉक्टरांना फोन करा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठत जाते आणि दुखणं जिवावर बेततं, जाड मांजरात जास्तच. बंड्या साडेसहा किलोंचा आहे, त्यामुळे नव्या घराजवळचा दवाखाना मी वायफायच्याही आधी शोधून ठेवलाय.

टेम्पो रविवारी सकाळी आठला येणार आहे. बाथरूमच्या दारावर लावायला कागद तयार आहे: "आत मांजरं आहेत. उघडू नये." खाली हिंदीतही लिहिलंय.