आर्वीची तबकडी

मंडळी, आता कॅरीहून आईला व्हिडिओ कॉल चुटकीसरशी लागतो, तोही बहुतेक समुद्राखालच्या केबलमधून. पण 1970च्या दशकात परदेशचे कितीतरी फोन नारायणगावजवळच्या आर्वीच्या उपग्रह केंद्रात उतरायचे. उपग्रह होता 36,000 किलोमीटर उंचीवर!

शिकवायची सवय सुटत नाही, म्हणून थोडं गणित. बाकी सगळं तेच ठेवून अंतर दुप्पट केलं, की सूक्ष्मलहरींची पोचणारी शक्ती पाव होते. 36 किलोमीटरवरच्या टॉवरपेक्षा हा उपग्रह हजारपट लांब. म्हणजे संदेश दहा लाखपट क्षीण. ही तूट भरून काढायलाच आर्वीला प्रचंड तबकडी लागली.

पावसाचं गणित वेगळं. लहर जितकी आखूड, तितका थेंब तिला जास्त अडवतो. उपग्रहाकडून आर्वीला येणारी लहर सुमारे 4 गिगाहर्ट्झची, साडेसात सेंटिमीटर लांबीची. ती पावसाला फारशी दाद देत नाही. आपल्या छपरावरच्या टीव्ही डिशची साधारण 12 गिगाहर्ट्झची, जेमतेम अडीच सेंटिमीटरची. म्हणून वादळी पावसात ऐन रंगात आलेली मॅच जाते!

अंतर आधी मोजून ठेवता येतं, पाऊस नाही.

यंदा फराळाला बसलात, की मंडळातल्या ज्येष्ठांना जरूर विचारा: तेव्हाच्या तीन मिनिटांच्या महागड्या कॉलमध्ये घरी आधी काय सांगायचात?