नऊशे रुपयांची सवलत

केमचं कुंकू महाराष्ट्राच्या कपाळी. आणि केमच्या आमच्या पोरांच्या कपाळी? फॉर्म भरणं. २०२३ ची तलाठी भरती बघा : जागा ४,६४४, अर्ज दहा लाखांवर. फी खुल्यांना हजार, मागासांना नऊशे. हजारो वर्षांच्या देण्यापोटी शंभर रुपये सूट, साले! नऊशे म्हंजे आईची तीन-चार दिवसांची खुरपणी. गुणाकार करा, नव्वद कोटींच्या आसपास गल्ला. बेकारांच्याच खिशातून.

त्याच सप्टेंबरात नऊ खाजगी एजन्सींमार्फत कंत्राटी माणसं घ्यायचा जीआर निघाला. बोंबाबोंब झाल्यावर ऑक्टोबरात मागं घेतला. एजन्सीच्या हजेरीपटाला कसली आलीय बिंदुनामावली? घटनेतलं कलम १६(४) नोकरीसाठी आहे, पावतीसाठी नाही. फी रद्द करा. बॅकलॉग भरा. तोवर कलेक्टर कचेरीच्या दारातून हलायचं नाही.