चौथ्या क्रमांकाचा नकाशा

मँचेस्टरचा टाउन हॉल म्हटला की फोटोत दिसतो तो सुमारे ८५ मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा आणि टोकदार कमानींची गर्दी. इमारतीचं खरं मोठेपण मात्र तिच्या नकाशात आहे. तिच्यासाठी झालेल्या स्पर्धेत शंभरावर आराखडे आले होते. निव्वळ रूप पाहता अल्फ्रेड वॉटरहाउसचा आराखडा चौथा ठरला. तरी काम मिळालं त्यालाच, कारण उजेड, हवा आणि येण्याजाण्याची सोय यांत तो सरस होता. जागा अडनिडी, त्रिकोणी. त्याने मोठं सभागृह मधोमध ठेवलं आणि भोवती तिन्ही बाजूंना कचेऱ्या लावल्या. खिडक्यांखालच्या नक्षीदार दगडी झरोक्यांतून बाहेरची हवा आत यायची, गरम नळ्यांमागून ऊब घ्यायची आणि गोल जिन्यांच्या पोकळ गाभ्यातून कॉरिडॉरपर्यंत पोचायची. दिव्यांच्या गॅसची नळीसुद्धा जिन्याच्या कठड्याखाली बेमालूम लपवलेली! १८७७ साली उघडलेल्या सरकारी कचेरीत एवढा विचार झाला होता.

गिरण्यांच्या शहराने टोकदार कमानींचा, तेराव्या शतकाचा मुखवटा का चढवावा, हा आक्षेप जुनाच. पण चर्चमध्ये जिथे संत दिसले असते, तिथे इथे प्रवेशाशीच जॉन डाल्टन आणि जेम्स जूल हे शास्त्रज्ञ बसले आहेत. ही नुसती नक्कल नव्हे. पैशाचा आक्षेप जास्त बोचरा आहे : या शहराची श्रीमंती दूरदेशी पिकलेल्या कापसावर उभी होती. अमेरिकी यादवी युद्धात तिथला कापूस अडला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसावर भिस्त ठेवली. सभागृहात फोर्ड मॅडॉक्स ब्राउनची १२ भित्तिचित्रं आहेत. त्यांत रोमन आहेत, धावत्या धोट्याचा जनक जॉन के आहे. कापूस पिकवणारा एकही नाही. ही उणीव तिथेच, चित्रांशेजारी, स्पष्ट लिहून ठेवावी. त्यासाठी इमारत मोडकळीला येऊ देण्याचं कारण नाही.

जानेवारी २०१८ मध्ये ती दुरुस्तीसाठी बंद झाली आणि खर्च ३० कोटी पौंडांच्या वर गेला. त्यापेक्षा हॉटेलवाल्याला देऊन टाका, हा सल्ला हिशेबी वाटतो. पण नागरिकाला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे सहज जाता यावं म्हणून आखलेल्या कॉरिडॉरचं हॉटेलात काय उरणार? जुन्या वास्तूत आजचा कारभार चालत नाही म्हणावं, तर मुंबई महापालिका १८९३ सालच्या आपल्या इमारतीतून अजून कारभार हाकतेच आहे. तो कसा हाकते, हा वेगळा विषय. मँचेस्टरच्या करदात्यांचा पैसा एका अटीवरच रास्त ठरेल : सभागृह मेजवान्यांना खुशाल भाड्याने द्यावं, पण कचेऱ्यांच्या खोल्या आधी लोकांच्या रोजच्या कामासाठी राखाव्यात.