‘रेडियम’ नावाचा भ्रम आणि बाहेर पडण्याची वाट

स्टिकरच्या दुकानात चमकणारी पट्टी मागितली, की ती बहुधा ‘रेडियम’ या नावानेच हाती पडते. तिच्यात रेडियमचा एक अणूही नसतो. घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग लावण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. ती गेली, नाव उरले. दुचाकीवरच्या नक्षीपुरता हा प्रश्न भाषेचा आहे. आपत्कालीन निर्गम फलकाच्या बाबतीत मात्र तो जीवनमरणाचा ठरतो.

कारण या एका नावामुळे तीन भिन्न वस्तूंची गल्लत होते. पहिली परावर्तक पट्टी. तिला स्वतःचा प्रकाश नाही. विजेरीचा झोत पडला तरच तो ती उलट फेकते. दिवे गेलेल्या जिन्यात ती भिंतीइतकीच काळी असते. दुसरा स्फुरदीप्त फलक. त्यातील स्ट्राँशियम अ‍ॅल्युमिनेटमध्ये युरोपियम आणि डिस्प्रोसियम अत्यल्प प्रमाणात मिसळलेले असतात. प्रकाश पडला की ऊर्जा स्फटिकातील सापळ्यांत अडकते आणि खोलीच्या साध्या उष्णतेने हळूहळू सुटून सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या प्रकाशाच्या रूपाने तासन्‌तास बाहेर पडते. अंधाराला सरावलेला डोळा ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतो. म्हणून हा मंद उजेडही पुरतो. तिसरा ट्रिटियमचा फलक. हायड्रोजनचे हे किरणोत्सारी समस्थानिक काचेच्या बंद नळीत सतत बीटा कण सोडते आणि नळीच्या आतला लेप उजळत राहतो. त्याला ना वीज लागते, ना आधीचा प्रकाश.

तारेविना उजळणाऱ्या फलकाची गरज कोणाला वाटत नसेल, तर त्याने दिल्लीचे उपहार चित्रपटगृह आठवावे. १३ जून १९९७ रोजी तळमजल्यावरील ट्रान्सफॉर्मरच्या आगीचा धूर बाल्कनीत शिरला आणि ५९ माणसे दगावली. वीज गेली, आपत्कालीन दिव्यांची सोय नव्हती आणि बाल्कनीच्या एका बाजूची वाट जादा आसने बसवून बंद केलेली होती. आग आणि वीजपुरवठा यांचे वैर हा अपवाद नव्हे. अनेकदा आगीचे मूळच विजेत असते. मग सुटकेची खूण त्याच विजेवर टांगून ठेवणे कोणत्या तर्कात बसते?

‘बॅटरीचे दिवे आहेत की’, असे यावर उत्तर मिळते. आहेत, आणि चांगल्या स्थितीत असले तर ते स्फुरदीप्त फलकापेक्षा कितीतरी प्रखरही असतात. पण बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते, आणि तिची चाचणी कागदावरच उरकण्याची सवय काही दुर्मीळ नाही. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ च्या स्फोटानंतर लोकांना अंधाऱ्या, धुराने भरलेल्या जिन्यांतून तासन्‌तास उतरावे लागले. पुढे त्या जिन्यांत चमकणारा रंग लावला गेला, आणि २००४ मध्ये त्या शहराने उंच कार्यालयीन इमारतींत स्फुरदीप्त खुणा कायद्याने बंधनकारक केल्या. तिथे विजेची टंचाई नव्हती. होता तो अनुभवाचा धडा.

तथापि ‘तार नको’ याचा अर्थ ‘विचार नको’ असा घेणारे खरेदीदारही तितकेच दोषी आहेत. स्फुरदीप्त फलक उधारीवर जगतो. आधी मिळालेला प्रकाशच तो परत करतो. अमेरिकी संहिता म्हणूनच इमारतीत माणसे असेपर्यंत फलकावर अखंड, सर्वसाधारणपणे किमान ५४ लक्स प्रकाश मागतात. आपल्याकडे वीजबचतीसाठी जिन्यात हालचाल टिपून लागणारे दिवे बसवायचे आणि त्याच जिन्यात हा फलक ठोकायचा, म्हणजे उपाशी माणसाकडून ओझे वाहून घेणे. अंधाऱ्या प्रेक्षागृहात तर तो निरुपयोगीच. तेथे बॅटरीचा दिवाच हवा. ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे. तेज ओसरले तरी फलक किरणोत्सारीच राहतो, त्यामुळे त्याची नोंद आणि विल्हेवाट नियमांनुसारच व्हावी लागते. भंगारवाल्याच्या हाती जाण्याजोगी ती वस्तू नाही. शिवाय धूर वर चढतो. केवळ दाराच्या माथ्यावर लावलेला फलक सर्वांत आधी झाकला जातो. जमिनीलगत आणि पायऱ्यांच्या कडांवरही खुणा हव्यात.

राष्ट्रीय बांधकाम संहिता, २०१६ चा चौथा भाग अग्नि व जीवसुरक्षेलाच वाहिलेला आहे. पण ही संहिता शिफारसवजा आहे. राज्यांनी आणि पालिकांनी आपल्या नियमांत उतरवली तरच तिला धार येते. तोवर फलकाची निवड पदार्थविज्ञानावर नव्हे, दरपत्रकावर होते आणि तपासणी फक्त ‘फलक आहे’ एवढेच पाहते.

ही तपासणी सुधारायला प्रयोगशाळा लागत नाही. एखाद्या वसतिगृहाने रीतसर सूचना देऊन, रात्री दहा मिनिटे मार्गिकेतील दिवे मालवावेत आणि विजेरी न लावता पाहावे. जो फलक दिसतो, तो फलक. जो दिसत नाही, ती भिंतीवरची सजावट आहे. आणि सजावटीच्या भरवशावर शेकडो मुलांना झोपवणे हा गुन्ह्याइतकाच गंभीर निष्काळजीपणा आहे.