दिवस कुठून मोजायचे?

मार्च संपला की कंपन्यांच्या खरेदी विभागात एक आकडा तयार होतो. त्याला बचत म्हणतात. गेल्या वर्षी ज्या भावाने सुटा भाग घेतला त्यापेक्षा यंदा इतके कमी दिले, गुणिले नग, झाली बचत. हा आकडा संचालकांच्या बैठकीत पडद्यावर झळकतो, परचेस मॅनेजरची वेतनवाढ त्यावर ठरते आणि पुढच्या वर्षाचे उद्दिष्ट त्याच्या थोडे वर बांधले जाते. आपली खरेदी नीट चालली आहे का, ही बहुतेक कारखान्यांतली चौकशी इथे सुरू होते आणि इथेच संपते. हल्ली सल्लागार नेमून खरेदी पद्धतीचे मूल्यमापन करवून घेण्याची टूम निघाली आहे. त्यांचा अहवाल जाडजूड आणि रंगीत असतो. पहिल्या पानावर आकडा मात्र तोच, फक्त आणखी फुगवून देण्याच्या आश्वासनासह.

आमचे म्हणणे एवढेच की हा आकडा घटकाभर बाजूला ठेवावा आणि तपासणी कारखान्याच्या गेटपासून सुरू करावी.

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली, कुठलीही औद्योगिक वसाहत घ्या. छोट्या वर्कशॉपवाल्याचा टेम्पो मोठ्या कंपनीच्या गेटवर पोहोचतो, तिथे नोंद होते. माल स्टोअर्समध्ये उतरतो, पण जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, लगेच निघत नाही, कारण ऑर्डरमध्ये नग शिल्लक दिसत नाहीत आणि सुधारित पीओ (खरेदीची ऑर्डर) साहेबांच्या सहीसाठी पडलेली असते. मग माल क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीला, जातो. तिथला माणूस रजेवर असतो, किंवा लाइनला माल तातडीने लागतो म्हणून तपासणीआधीच उचलला जातो आणि कागद मागे राहतो. मग बिल पासिंग, मग अकाउंट्स. पैसे महिन्यातून ठरलेल्या दोनच तारखांना सुटतात. त्यातली एक चुकली की पुढची. पीओवर ‘नव्वद दिवस’ असे छापलेले असते. पण नव्वद कुठून मोजायचे? पुरवठादार मोजतो गेटवरच्या शिक्क्यापासून, कंपनी मोजते अकाउंट्समध्ये बिल चढल्यापासून. या दोन तारखांच्या मध्ये जे दिवस जातात ते कुणाच्याच खात्यावर नसतात. त्या दिवसांत त्या मालाची गाडी बनून शोरूमला गेलेलीही असते.

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर २००६ सालीच देऊन ठेवले आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे, लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण कुठल्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत, आणि करारच नसेल तर १५ दिवसांत द्यायचे आहेत. दिवस मोजायचे माल स्वीकारल्यापासून. ‘आम्ही अजून स्वीकारलाच नाही’ ही पळवाटही कायद्याने बुजवली आहे. माल पोहोचल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो पोहोचल्या दिवशीच स्वीकारला असे मानले जाते. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. आणि हे व्याज आयकराच्या हिशेबात खर्च म्हणून दाखवता येत नाही. म्हणजे पीओवर छापलेले ते ‘नव्वद दिवस’ अशा पुरवठादारापुरते कायद्याने निरर्थक आहेत. तरीही ते छापले जातात आणि समोरचा मुकाट सही करतो.

मुकाट का, हे सांगायला नको. तक्रारीसाठी सुविधा परिषद आहे, समाधान पोर्टल आहे. पण तिथे अर्ज टाकणाऱ्याला जुने पैसे कदाचित मिळतील, पुढची ऑर्डर मिळणार नाही. ज्याच्या शॉपमधल्या चार मशीनपैकी तीन एकाच कंपनीसाठी फिरतात, तो त्या कंपनीवर दावा लावत नाही.

म्हणून २०२३च्या वित्त कायद्याने वेगळी कळ दाबली. आयकर कायद्याच्या ४३ब कलमात नवे उपकलम आले. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे द्याल त्याच वर्षी धरला जाईल. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ही तरतूद लागू झाली आणि त्या मार्चमध्ये अनेक अकाउंट्स विभागांना पहिल्यांदाच आपल्या पुरवठादारांची उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) शोधाविशी वाटली. सुरतेच्या कापड बाजारात तर तरतूद पुढे ढकला म्हणून मागणी झाली. काही खरेदीदारांनी थकबाकी फेडली. काहींनी मध्यम उद्योगांकडे मोर्चा वळवला, कारण त्यांना हे कलम लागू नाही. आणि काहींनी पुरवठादारालाच उद्यम नोंदणी रद्द करण्याचा प्रेमळ सल्ला दिला, अशा तक्रारी त्या काळात उघडपणे झाल्या. या कलमात मुळातच एक भगदाड आहे. एप्रिलच्या बिलाचे पैसे पुढच्या मार्चच्या ३१ तारखेला दिले, तरी वर्ष तेच असल्याने आयकर खाते काही म्हणत नाही. त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या काही आठवड्यांपुरती कंपन्यांना सद्बुद्धी सुचते आणि एप्रिल उजाडला की मागील पानावरून पुढे.

हे अन्यायाचे आहे, असे म्हणून थांबणे सोपे आहे. आम्हाला ते त्याहून अधिक मूर्खपणाचे वाटते. मोठ्या कंपनीला बँक ज्या दराने कर्ज देते, त्या दराने लघुउद्योजकाला कधीच देत नाही. त्याची कॅश क्रेडिटची मर्यादा संपलेली असते, मग सोने गहाण पडते, मग खासगी सावकार. म्हणजे ज्याच्याकडे स्वस्त पैसा आहे तो, ज्याला पैसा महाग पडतो त्याच्याकडून उसनवारी करतो. ते महागडे व्याज कुठे तरी निघणारच. पहिल्यांदा ते भावात निघते, कारण अनुभवी पुरवठादार कोटेशन देतानाच उशिराचे दिवस धरून चालतो. भाव दाबला तर मालात निघते. टूल बदलण्याची वेळ झाली तरी आणखी एक लॉट त्याच टूलवर काढला जातो, हीट ट्रीटमेंट जरा स्वस्तातल्या ठिकाणी होते, अनुभवी फिटरऐवजी शिकाऊ मुलगा मशीनवर उभा राहतो. पुढे रिजेक्शन वाढते, लाइन थांबते, ग्राहकाकडून वॉरंटीचे दावे येतात. हे सगळे खर्च कंपनीच्या वहीत वेगवेगळ्या विभागांच्या नावावर पडतात. बचत मात्र खरेदी विभागाच्या नावावर जमा राहते.

बिलावर आगाऊ पैसे मिळवून देणारी ट्रेड्सची व्यवस्था रिझर्व्ह बँकेने उभी केली ती याच दुखण्यावर. पुरवठादाराचे बिल खरेदीदाराने मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात आणि पुरवठादाराला थोड्या दिवसांत पैसे मिळतात, तेही मोठ्या कंपनीची पत जमेस धरून. २५० कोटी रुपयांपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांनी ३१ मार्च २०२५ पर्यंत तिथे नोंदणी करावी, असा आदेश २०२४च्या नोव्हेंबरात निघाला. पण नोंदणी करणे वेगळे आणि बिल मान्य करणे वेगळे. बिल मान्य व्हायला जीआरएन लागतो, जीआरएनला क्यूसीची सही लागते. गाडी पुन्हा गेटपाशीच अडते.

आता बचतीच्या दुसऱ्या वाटेकडे वळू. जपानचे नाव निघाले की आपल्याकडच्या कारखानदारीत हात आपोआप जोडले जातात, म्हणून उदाहरण तिथलेच घेतलेले बरे. मार्च २०२४ मध्ये जपानच्या स्पर्धा आयोगाने निस्सानला दोषी ठरवले. कंपनीने ३६ पुरवठादारांना ठरलेल्या रकमेतून सुमारे ३ अब्ज येन कापून दिले होते, आणि हे दोन वर्षांहून अधिक काळ चालले होते. निस्सानला ती रक्कम परत करावी लागली. आपल्याकडे या प्रकाराला डेबिट नोट म्हणतात. माल घेतला, वापरला, आणि वर्षअखेरीस बचतीचा आकडा कमी पडतोय असे दिसले की ‘रेट डिफरन्स’ म्हणून एक कागद ईमेलने येतो. कधी तो जुन्या लॉटमधल्या रिजेक्शनचा असतो, जो माल पुरवठादाराने डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो. जपानमध्ये या कापाकापीला बंदी घालणारा कायदा १९५६ पासून आहे. आपल्याकडे हा दोन पक्षांमधला मामला मानला जातो, आणि त्या दोन पक्षांत कोण किती वजनाचा हे सर्वांना ठाऊक असते.

त्याच जपानमधले दुसरे उदाहरण याच्या उलटे आहे. १ फेब्रुवारी १९९७ला आयसिन सेइकीच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनत होता, आणि टोयोटाकडे साठा होता जेमतेम काही तासांचा. टोयोटाचे उत्पादन ठप्प झाले. पण काही दिवसांतच ते पुन्हा सुरू झाले, कारण हा भाग कधीही न बनवलेल्या कित्येक पुरवठादारांनी ड्रॉइंग मागवून आपापल्या मशीनवर तो काढायला घेतला. त्यात शिवणयंत्रे बनवणारी ब्रदर कंपनीही होती. पैशाची बोलणी नंतर झाली. एका महत्त्वाच्या भागासाठी एकाच कारखान्यावर विसंबणे ही टोयोटाच्या खरेदीतली उघड चूक होती, ती झाकायचे कारण नाही. मुद्दा हा की पडत्या काळात धावून येणारे पुरवठादार वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून तयार होतात. डेबिट नोटा पाठवून ते तयार होत नाहीत.

कुणी म्हणेल, खरेदीतली खरी कीड भ्रष्टाचाराची आहे, आणि हे सगळे सोडून तिच्याबद्दल बोला. बोलू. ती आहेच. तीन कोटेशन तीन फर्मची, पण शुद्धलेखनाची चूक तिन्हीत एकच. मंजुरीची मर्यादा लाखाची म्हणून नव्वद-नव्वद हजारांच्या चार ऑर्डर. बिलाच्या तारखेनंतरची तारीख घालून निघालेली पीओ. हे सगळे कंपनीच्या संगणकप्रणालीतून, म्हणजे ईआरपीतून, एका दुपारात काढता येते, त्याला सल्लागार लागत नाही. पण दिवाळीला आलेल्या सुक्या मेव्याच्या डब्यावर नैतिकतेची परिपत्रके काढणाऱ्या कंपन्या ‘अर्जंट’ शिक्क्याच्या खरेदीकडे कानाडोळा करतात, याची गंमत वाटते. अर्जंट खरेदीत भाव विचारायला वेळ नसतो, वाहतूक दुप्पट पडते आणि चोरीला वावही तिथेच मिळतो. बहुतेक वेळा ही घाई खरेदी विभागाने केलेली नसते. नियोजन विभागाने आराखडा उशिरा दिला, डिझाइनवाल्याने शेवटच्या क्षणी ड्रॉइंग बदलले, विक्रीवाल्याने न विचारता तारीख कबूल केली. बदनाम मात्र परचेसवाला. त्याची बाजूही कुणी तरी घ्यायला हवी.

सुधारणा अवघड नाहीत, फक्त गैरसोयीच्या आहेत. बचतीच्या आकड्याशेजारी त्याच तक्त्यात, त्याच आकाराच्या अक्षरांत, गेटवरच्या नोंदीपासून पुरवठादाराच्या बँकेत पैसे पडेपर्यंतचे दिवस छापावेत. सरासरी नको, कारण सरासरीत एका बड्या पुरवठादाराची तत्पर बिले पन्नास लहानांचा उशीर झाकून टाकतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे दिवस वेगळे दाखवावेत आणि वेतनवाढ दोन्ही रकान्यांवर ठरावी. केवळ परचेसची नव्हे, स्टोअर्स, क्यूसी आणि अकाउंट्सचीही. मालावरची हरकत १५ दिवसांत लेखी न घेतल्यास त्या मालाची डेबिट नोट संगणकाने स्वीकारूच नये. पुरवठादारांशी होणाऱ्या भाववाटाघाटीत कच्च्या मालाचे कलम असावे, म्हणजे शिरोलीच्या फाउंड्रीवाल्याला पिग आयर्न आणि स्क्रॅप महागले तर तिमाही उलटेपर्यंत खिशातून भर घालावी लागणार नाही, आणि ते उतरले तर कंपनीलाही त्याचा लाभ आपोआप मिळेल. वर्षाला अमुक टक्के भाव कमी कराच, ही मागणी करायची असेल, तर कंपनीच्या इंजिनिअरने आधी पुरवठादाराच्या शॉपवर जाऊन सेटिंगचा वेळ किंवा मालाची नासाडी कुठे कमी होते ते दाखवावे. ते न दाखवता मागितलेली सूट म्हणजे खंडणीच; पीओवर छापली म्हणून तिचा धर्म बदलत नाही.

कंपन्या हे आपणहून करतील, असा आमचा भाबडा समज नाही. पण सूचिबद्ध कंपन्यांचे शेअर आज मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत आहेत, आणि या मंडळींच्या हाती एक साधन आहे. वार्षिक अहवालाच्या मागच्या पानांत, हिशेबाच्या टिपांमध्ये, देय रकमांची टीप असते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे किती पैसे थकले, त्यावर किती व्याज लागू झाले, हे तिथे सांगणे कायद्याने बंधनकारक आहे. किती काळापासून थकले याचा तक्ताही २०२१ पासून द्यावा लागतो. यंदाच्या सर्वसाधारण सभेत लाभांशाबद्दल विचारून झाले की भागधारकांनी ही टीप उघडून अध्यक्षांना दुसरा प्रश्न विचारावा: हे दिवस आपण गेटपासून मोजता की अकाउंट्सपासून?